नाव देऊ नका, नंबर द्या

मंडळी, आज पहाटे आमचा हौश्या गेला. हौश्या म्हणजे धसईच्या आमच्या घरचा बैल.

मी घरूनच काम करतो. आमच्या कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर शेकडो कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या छोट्या स्वतंत्र कप्प्यांमध्ये चालतं. एखादा कंटेनर बंद पडला की यंत्रणा लगेच त्याच्या जागी दुसरा उभा करते. ती यंत्रणा मी सांभाळतो.

सकाळी नव्या मुलांचं ट्रेनिंग होतं. बाबा आणि शेजारी बांधाजवळ खड्डा खणत होते, आणि मी लॅपटॉपसमोर बसून नेहमीचं वाक्य बोललो, "कंटेनर म्हणजे गुरं समजा. नाव देऊ नका, नंबर द्या. एक मेलं तर दुसरं आणा, रडत बसू नका." आमच्या धंद्यात सगळेच हे शिकवतात.

तेवढ्यात गोठ्यातून हंबरण्याचा आवाज आला. एका मुलीने विचारलं, "सर, कसला आवाज?"

"आमचा बैल गेला आज. हा त्याचा जोडीदार, मोऱ्या."

मी ट्रेनिंग तिथेच थांबवलं आणि हौश्याला माती द्यायला गेलो.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "दुसरा बैल बघूया का?"

"बगू रे. पन मोऱ्याला बग. सकाळपासून हौश्याची जागा मोकळी सोडून उभा हाय. वैरणीला तोंड लावलं नाय."

उद्या ट्रेनिंग पुढे न्यायचं आहे. ते वाक्य माझ्याच्याने आता बोलवणार नाही. मला एवढंच सांगा, ज्याने ते पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या दारात कधी गुरं होती का हो?