कावळ्याचं पान

"काव काव कर गं. जोरात कर. पितर खोळंबलेत."

मालकीणबाईंनी मला अंगणाच्या कडेला उभं केलं होतं. बोईसरकडच्या माहीमची नारळी-केळीची वाडी. समोर गोठ्याच्या कौलांवर केळीचं पान ठेवलेलं. पानावर भात, वरण, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. कावळा येईना. तो शिवल्याशिवाय घरात कुणाला वाढायचं नव्हतं, म्हणून सगळे ओटीवर ताटकळत बसलेले. मी सात-आठ वर्षांची असेन.

मी काव काव केलं. ओटीवर हसू फुटलं.

"आई, कावळे हिलाच आपल्यातली समजतील," मालकांचा मुलगा म्हणाला. "रंग तोच आहे."

आणखी हसू. मी आणखी जोरात ओरडले. आपण काहीतरी चांगलं करतोय असं मला वाटत होतं.

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला. घर जेवलं. कौलांवरचं पान दुपार उलटल्यावर खाली उतरवलं. खिरीवर साय धरून सुकली होती. वड्यांना लाल मुंग्या लागल्या होत्या. मालकीणबाईंनी पान माझ्यापुढे धरलं.

"घे. काव काव तूच केलंस ना? मग खा."

आय मागच्या दारी भांडी घासत होती. हात पुसत आली. तिने पान बघितलं, मला बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खा. नाय म्हणू नको. खोपट त्यांच्या जागेत हाय."

आम्ही जव्हारकडच्या डोंगरातून उतरलेली माणसं. वरची नाचणी पोटाला पुरत नव्हती. बाबा वाडीत माडांना पाणी घालायचे, आय घरातलं उष्टं-खरकटं करायची, आणि कुडाचं खोपट वाडीच्याच कोपऱ्यात होतं. मी खाल्लं. मुंग्यांसकट. पान रिकामं होईपर्यंत ओटीवरचे बघत होते. "बघा, पितर पावले," म्हातारे मालक म्हणाले. मग मी केळींच्या मागे जाऊन सगळं ओकले.

त्या दिवसापासून वाडीत माझं नाव कावळी. कावळे, पाणी आण. कावळे, शेण काढ. आय तेवढी मला माझ्या नावाने हाक मारायची. मुद्दाम मोठ्याने, ओटीपर्यंत ऐकू जाईल अशी. तिला तेवढंच करता येत होतं.

खीर मी आजही खात नाही.

आता मी बोईसरला एक केंद्र चालवते. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं, आमच्या डोंगरातून खाली आलेली कुटुंबं. आई-बाप पाळीवर गेले की पोरं आमच्याकडे. गावाकडे कुणी उरलं नाही म्हणून मुलांनी इथे आणलेली म्हातारी माणसंही आमच्याकडे. नाहीतर ती पत्र्याच्या खोलीत दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असतात. पोरांचा अभ्यास, एक वेळचं जेवण, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, रेशनकार्डाच्या खेपा. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. आमच्याकडे आलेल्या मदतीचीही यादी सांगते. डाव्या पायाच्या चपला. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. कोऱ्या पानांपेक्षा भरलेली पानं जास्त असलेल्या वह्या. कुणाच्या तरी वापरलेल्या आतल्या कपड्यांचं गाठोडं, न धुतलेलं. अर्धा केक, मेणबत्तीची भोकं असलेला. हे सगळं देऊन झाल्यावर माणसं हात जोडतात आणि विचारतात, "मुलं एक गाणं म्हणतील का?"

मी बरंच गिळलं. कारण केंद्र एका शेठच्या गाळ्यात होतं. स्टेशनजवळचा गाळा, पाणी आत, संडास आत. भाडं ते घेत नव्हते. दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी होती, ती मी रोज पुसायचे.

सर्वपित्रीला शेठ दरवर्षी जेवण आणायचे. पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी. गरम आणि पोटभर. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या दिवशीही ड्रायव्हरने डबे उतरवले, पोरं सतरंजीवर ओळीत बसली, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली. मग शेठच्या पत्नी, वहिनी, आत आल्या. हातात परात, परातीवर वर्तमानपत्र. त्यांनी कागद काढला.

केळीचं पान. भात, वरण, वडे, खीर. खीर सुकलेली.

"ताई, एक छोटंसं काम होतं," शेठ म्हणाले. "सकाळपासून गच्चीत पान ठेवलंय. कावळाच आला नाही. आमच्या टॉवरला कुठले कावळे!"

"गुरुजी म्हणाले, गाईला घाला," वहिनी म्हणाल्या. "आता गाय शोधायला मी कुठे जाऊ? मग म्हटलं, तुमच्याकडे एवढी म्हातारी माणसं आहेत." त्यांनी भिंतीकडे नजर फिरवली. भाजी निवडताना फिरवतात तशी. "ते बाबा चालतील. बसलेत अगदी आमच्या मामंजींसारखे."

ते बाबा म्हणजे जगदेवबाबा. बिहारातल्या सिवानकडचे. मुलगा रंगाच्या कारखान्यात. बाबा पोरांना पाढे शिकवायचे आणि चुकलं की आपलाच कान पकडायचे, म्हणून पोरं मुद्दाम चुकायची. वहिनींनी पान त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी ते बघितलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ई त कौआ वाला पत्तल ह, बिटिया."

त्यांच्या गावीही कावळ्याला वाढतात. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"खा लो, बाबा," शेठ मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "आप खाओगे तो हमारे पिताजी को पहुंचेगा."

बाबांनी तांब्या घेतला. हात धुतले. मांडी घातली. मी जवळ वाकले तर ते पुटपुटले, "खा लेब. कोठरी इनकर ह. लइका सब कहाँ जाई?"

खोपट त्यांच्या जागेत हाय. आयचंच वाक्य. फक्त बोली दुसरी, आणि काळजी केंद्रातल्या पोरांची.

समोर पोरं बघत होती. आमचे पाढेवाले बाबा आता काय खातात, हे सगळी पोरं बघत होती.

मी बाबांचा हात धरला. मग म्हटलं, "वहिनी, पहिला घास तुम्ही घ्या. तुमच्या मामंजींचं पान आहे. मग बाबा घेतील."

"ईऽ! मी कशी खाऊ?" त्या मागे सरकल्या. "सकाळपासून उन्हात पडलंय ते. वास येतोय त्याला."

आपण काय बोललो हे त्यांना कळलंच नाही. शेठना कळलं. ते मोबाइल बघायला लागले.

"वास येतोय ना," मी म्हटलं. "मग उचला."

"ताई, एवढ्या-तेवढ्यावरून?" शेठ म्हणाले. "भावना बघा ना आमची."

"बघितली."

"जागा कुणाची आहे ते लक्षात आहे ना?"

"आहे. पाटी रोज मीच पुसते. पान उचला. डबेही न्या."

पोरं उपाशी होती. पण एका हाताने कावळ्याचं पान आणि दुसऱ्या हाताने गरम पुरी, असं ते देणं होतं. पुरी ठेवून घेतली असती तर पुढच्या वर्षी पान पुन्हा आलं असतं.

ड्रायव्हरने डबे उचलले. जिलबीचा वास दारातून बाहेर गेला. छोटी मुन्नी रडायला लागली. "मौसी, पूड़ी काहे वापस?"

मला लहानपणी कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जो कौए ने भी नहीं खाया, वो बाबा को खिला रहे थे. इसलिए."

मुन्नीने विचार केला. "पर पूड़ी तो गरम थी."

होती. मी डाळ-तांदूळ धुतले आणि खिचडी टाकली. बाबा धुतलेला हात तसाच धरून बसले होते. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. "जगह गइल नू, बिटिया," एवढंच म्हणाले. रागाने म्हणाले.

जागा गेलीच. आधी नळाचं पाणी बंद झालं, मग कुलूप आलं. आता आम्ही उमरोळीच्या रस्त्याला एका चाळीच्या मोकळ्या जागेत बसतो, वर ताडपत्री. संडास शेजाऱ्यांचा, विचारून जायचं. लांब पडतं म्हणून काही पोरं यायची बंद झाली. दोन म्हाताऱ्या येत नाहीत, त्यांना चालवत नाही. त्या पुन्हा पत्र्याच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. हे माझ्यामुळे झालं, हे मी कुणापासून लपवत नाही.

मुन्नीची आई परवा मला म्हणाली, "दीदी, बाबा दो कौर खा लेते तो क्या बिगड़ जाता?"

मला तिचा राग आला नाही. माझ्या आयनेही हाच हिशेब केला होता, आणि तिच्यापुढे दुसरा नव्हता. पण काय बिघडतं ते मला माहीत आहे. खाणारा एकदाच खातो. बघणारी पोरं आयुष्यभर शिकतात, की जागा देणाऱ्याची असेल तर आपलं तोंडही त्याचंच.

आम्हाला मदत लागते. हे मी मान वर करून सांगते. तांदूळ लागतात, रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, भिंती असलेली जागा लागते, आणि अर्ज भरून द्यायला, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला माणसं लागतात. या. चपला जोडीने आणा. औषधावरची तारीख बघून आणा. अन्न आणलंत तर सतरंजीवर बसा, पोरांच्या आणि बाबांच्या मध्ये, आणि त्याच भांड्यातला पहिला घास तुम्ही घ्या. आमच्यासमोर. नाही घेता येणार? मग झाकण उघडू नका. ताडपत्रीच्या बाहेरूनच परत जा.

पोरं रडतील. मी खिचडी टाकीन. पण इथे कुणी काव काव करणार नाही.