प्लास्टिकातली गादी

“म्हातारीने चटईवर कण्हत पडायचं, आणि नवी गादी प्लास्टिकात! कुणासाठी राखून ठेवली आहेस गं? राष्ट्रपती मुक्कामाला येणार आहेत?”

न्यांदेआजींचं हे सकाळपासून चाललं होतं. बाइंदू अंगणात कसाव्याची पानं कुटत राहिली. सुनेचं उत्तर मुसळातूनच येत होतं.

“आई, जरा पलीकडे सरका. पानात वाळू पडतेय.”

“बघ लहाय, तुझी बायको मला सरकवते!”

लहाय मोटरसायकलची साखळी पुसत होता. “उघड ना एकदाची. जेब्बे बरी होऊन आली म्हणून मदतवाल्यांनी दिली. त्यांची बादली वापरतेस, पातेली वापरतेस. गादीनेच काय घोडं मारलंय?”

लेक इबोलातून वाचली, पण घरातलं अंथरूण-पांघरूण जंतुनाशक फवारणीवाल्यांनी जाळलं, म्हणून ही गादी मिळाली होती. लहायच्या समजुतीने जुनी गादीही त्यातच गेली.

ती जुनी गादी बाइंदूने सुकी मासळी विकून विकून केनेमाच्या बाजारातून आणली होती. गल्लीतली पहिली फोमची गादी. आजारी जेब्बे तिच्यावरच झोपलेली. जेब्बेला दवाखान्याच्या गाडीतून नेलं आणि फवारणीवाले यायच्या आत बाइंदूने ती मागच्या दाराने शेजारच्या टेन्नेकडे पोचवली. “ठेव गं थोडे दिवस.” मग घराभोवती विलगीकरणाची दोरी लागली. दोरीच्या आतून तिला दिसलं, टेन्नेने गादी उन्हात घातलीय आणि तिची चिमुरडी कादी तिच्यावर उड्या मारतेय. ओरडून सांगावं, असं बाइंदूच्या ओठांवर आलं होतं. पण पहाऱ्यावरचा शिपाई ऐकेल, म्हणून ती आत गेली.

पुढे टेन्नेही त्याच आजाराने गेली. गादीही शेवटी तिच्याच सामानाबरोबर जळली. कादीला काही झालं नाही. तिला अनाथ मुलांच्या निवाऱ्यात नेलं. टेन्नेने इबोलाने गेलेल्या आपल्या काकाचं प्रेत धुतलं, तिथूनच तिला लागण झाली, असं गल्लीने ठरवून टाकलं. असेलही तसं. पण बायका हे बोलायच्या तेव्हा बाइंदूही मान डोलवायची, आणि घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही.

आज सकाळी निवाऱ्यातल्या बाई आल्या होत्या. कादीच्या मामाने हात वर केले. गल्लीत कुणी सांभाळेल का? “आमच्याकडे खाणारी तोंडं पुष्कळ आहेत,” लहाय म्हणाला होता. बाइंदूने बाईंना पाणी दिलं होतं, आणि पुन्हा मुसळ उचललं होतं.

“जुन्या गादीवर बरा जीव होता तुझा,” आजींचं संपत नव्हतं. “ती लपवायला कशी धावलीस...” त्या एकदम थांबल्या.

लहायने मान वर केली. “लपवायला?”

मुसळ थांबलं.

“टेन्नेकडे ठेवली होती, जेब्बेचे बाबा. मीच नेली.”

“दार मी धरलं होतं,” आजी पुटपुटल्या.

लहायने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “गप्प बसा दोघी. भिंतीपलीकडे जाईल. टेन्ने काकामुळे गेली, सगळे तेच म्हणतात.”

“म्हणू देत.” बाइंदूने पानं भांड्यात काढली, बादलीपाशी जाऊन हात धुतले. “उद्या मी कादीला घेऊन येतेय. ती इथेच राहील. गादी तिची आहे. आई, पाठ दुखत असेल तर तिच्या शेजारी निजा.”