क्वेताचा उजवा कान

आमच्या कारखान्यात रेकॉर्ड छापायचं यंत्र मी चालवतो, आणि छापलेलं ऐकायची क्वेता शेबेस्तोवा. सव्वीस वर्षं तिचं काम एकच. नव्या साच्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड हेडफोन लावून पूर्ण ऐकायची आणि कागदावर ‘ठीक’ किंवा ‘नाही’ लिहायचं. तिचं ‘ठीक’ आल्याशिवाय मी पुढची छापत नसे.

घरीही ती रेकॉर्डच लावी. मुलगा राडिम ब्र्नो शहरातून फोनवर गाणी पाठवायचा.

“आई, एकदा ऐक तरी. किती स्वच्छ आहे.”

“पाकिटातलं सूपही स्वच्छच असतं रे. हाडाची चव कुठंय त्यात?”

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर तिने एक जुनी रेकॉर्ड लावली. गाण्याआधी सुईची बारीक खरखर येते, ती आलीच नाही. तिने सुई बदलली, तारा तपासल्या. मग सहज मान वळवली, तर डाव्या कानाला खरखर स्पष्ट ऐकू आली. उजव्याला काहीच नाही.

सोमवारी मी कामावर पोचलो तेव्हा ती हेडफोन उलटे घालून बसली होती. चेहरा पांढराफटक.

“ओताकार, आनेश्काबाईंची रेकॉर्ड किती छापून झाली?”

“तीनशे. का गं? शुक्रवारी तूच ‘ठीक’ लिहिलंस.”

“यंत्र बंद कर.”

आनेश्काबाई म्हणजे पलीकडच्या खेड्यातल्या वादक. त्यांचं वाद्य संतूरसारखं, पण टेबलाएवढं. त्यांची गाणी आधी डाउनलोडवर निघाली होती. तारेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, त्यात मध्येच कापल्यासारखी वाटते म्हणून त्यांनी हट्टाने रेकॉर्ड काढायला घेतली. आणि तिच्या शेवटच्या गाण्यात उजव्या बाजूचा वरचा सूर फाटत होता. क्वेताने हेडफोनची उजवी बाजू डाव्या कानाला लावली तेव्हा कुठे तो सापडला.

“दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं,” एवढंच तिने मॅनेजर वोन्द्रुशसाहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. ती खाली मान घालून उभी राहिली.

नंतरचे अकरा दिवस ती प्रत्येक रेकॉर्ड दोनदा ऐकत होती, एकदा सरळ, एकदा हेडफोन उलटे करून. काम तुंबलं. डबा तसाच परत जाऊ लागला. कानाचं तिने फक्त मला सांगितलं होतं.

“वर्षभरात अशा किती सुटल्या असतील रे?” तिने मला विचारलं.

मी म्हणालो, “पण असं दोनदा ऐकून किती दिवस ढकलणार आहेस?”

“डावा आहे तोवर.” मग हेडफोन उलटे करत म्हणाली, “आणि तोही गेला, तर मला कळणार कसं?”

दुसऱ्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. उजव्या कानातले वरचे सूर गेले होते आणि परत येण्यातले नव्हते. डावा सध्या चांगला. तो कागद घेऊन ती सरळ साहेबांपुढे उभी राहिली.

त्यांनी कागद दोनदा वाचला. “क्वेताबाई, तुम्ही बोलला नसतात तर मला पत्ताही लागला नसता.”

“म्हणून तर झोप लागत नव्हती, साहेब.”

वर्षभरातल्या प्रत्येक रेकॉर्डची एक प्रत आमच्याकडे असते. क्वेता आणि साहेब, दोघांनी बसून त्या सगळ्या पुन्हा ऐकल्या. दोन सदोष निघाल्या. त्या ज्यांच्या होत्या त्या कलाकारांना पत्रं गेली, आणि ती क्वेताने स्वतःच्या हाताने लिहिली. ऐकायच्या खुर्चीवर दुसरी बाई आली. क्वेता आता सूक्ष्मदर्शकाखाली साचे तपासते.

आनेश्काबाईंची रेकॉर्ड नव्या साच्यातून निघाली, तेव्हा पहिली प्रत ती स्वतः बसने घेऊन गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं, तिच्यापुढे खसखशीचा केक ठेवला आणि रेकॉर्ड लावली. शेवटच्या गाण्याला क्वेताने डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, “घाबरू नकोस. नीट आहे.”

दर तीन महिन्यांनी ती डावा कान तपासून घेते. त्या सकाळी ती कुणाशी बोलत नाही, आणि आम्हीही काही विचारत नाही. गेल्या खेपेला ठीक निघाला.