कौतिकामावशीचं गाणं

आधी कौतिकामावशीचं नाव लिहिते. बाकीचं नंतर. कारण बाकीचं लिहिताना हात मागे सरेल, हे मला ठाऊक आहे. त्याआधी तिचं नाव तरी कागदावर येऊन जाईल.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मूळची कोकणातली, खाडीकाठची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला विदर्भात, मोताळ्याकडे कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. दोन दिवसांचा प्रवास, कडेवर मयुरी, पोटात सोहम. इथली बोली कळेना, ऊन सोसेना. शेजारच्या खोलीत कौतिकामावशी राहायची. विधवा, मूलबाळ नाही. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "काऊन रडून राह्यली व? चाल, येचनीले चाल." कमरेला ओटी कशी बांधायची, बोंडातून कापूस कसा काढायचा की बोटं सोलत नाहीत — सगळं तिने शिकवलं. सोहम झाला तेव्हा सव्वा महिना माझी आणि त्याची अंघोळ तिनेच घातली. माझी आई येऊ शकली नव्हती.

आणि गाणं. वेचणीच्या ओळीत ती एक गाणं म्हणायची. तिचं स्वतःचं, तिनेच जुळवलेलं —

पऱ्हाटी फुलली व माय, चांदन्या उतरल्या शेती,
येचून घे व लेकी, तुह्या ओटीत मावते किती

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. मला हा शब्दही तिनेच दिला. बांधावरच्या लिंबाखाली माझी दोन्ही पोरं हे गाणं ऐकत झोळीत झोपली आणि बोलायला लागली तशी तेच म्हणायला लागली. तिला लेक नव्हती. मग गाण्यातली लेक कोण? मी कधी विचारलं नाही.

आता सांगायलाच हवं.

मागच्या वर्षी बुलढाण्याला मोठा कार्यक्रम ठरला. मुंबईचा गायक येणार होता, ज्याची गाणी पोरांच्या मोबाईलवर दिवसभर वाजतात तो. त्याच्याबरोबर स्टेजवर गायला इथली मुलं हवी होती. शाळेत निवड झाली. मयुरी आणि सोहमने हेच गाणं म्हटलं. निवडायला आलेल्या बाई एकदम ताठ बसल्या. पुन्हा म्हणायला लावलं. मग मला विचारलं, "हे तुमच्या घरातलंच ना? आम्हाला घराघरात चालत आलेलं हवंय. कुणाचं आहे?"

मी म्हणाले, "माझ्या आईचं."

मयुरीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला. जोरात. तिने मान खाली घातली. खोटं बोलणं एक, पण लेकीला गप्प राहायला शिकवणं? ते मी त्या एका दाबण्यात शिकवलं.

काऊन? — इतकी वर्षं इथे राहून माझाही प्रश्न आता असाच येतो. शेजारणीचं गाणं आहे म्हटलं असतं तर पोरांना काढलं असतं, असं वाटलं. कदाचित नसतंही काढलं. कदाचित त्या बाई म्हणाल्या असत्या, मग त्यांनाच घेऊन या स्टेजवर. मी विचारलंच नाही. विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

कार्यक्रमाला मी मावशीला सोबत घेऊन गेले. हो, नेलं. तिनेच मयुरीच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घेतला. मैदान माणसांनी भरलेलं. मला एकच भीती — पोरं शब्द विसरतील. मावशी म्हणाली, "नाही विसरत व, झोळीतून आयकलं त्याहीनं."

पोरं आली. मोठ्या पडद्यावर मयुरीचा चेहरा घराएवढा दिसला. मागे ढोल, गिटार, आणि मधोमध तिचा तो बारीक आवाज — पऱ्हाटी फुलली व माय. सगळ्या मैदानाने मोबाईलचे दिवे वर धरले. हजारो. मावशीने माझं मनगट धरलं. "पाह्य व पोरी, पाह्य! चांदन्या उतरल्या!" ती रडत होती आणि हसत होती. मीही.

गाणं संपलं. गायकाने माईक घेतला आणि सांगितलं, हे गाणं या मुलांच्या आजीचं आहे, दूर कोकणातल्या आजीचं, तिच्यासाठी टाळ्या.

मैदान टाळ्यांनी दणाणलं. मावशीचे हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले. मग तिनेही वाजवल्या. जरा वेळाने माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुमच्या कोकनात पऱ्हाटी होते काय व?"

तुम्ही सांगा, याहून सोपी वाट कुणी कुणाला दिली असेल? तिला उत्तर माहीत होतं. खाडी, भात, मासळी — सगळं मीच तिला वेचताना सांगितलेलं. ती मला खरं बोलायला जागा करून देत होती.

मी म्हणाले, "होते. थोडीफार."

"हाव का," ती म्हणाली. पोरं धावत आली तेव्हा फडकं सोडून पहिला घास तिने सोहमला भरवला.

आईने व्हिडिओ पाहिला. फोनवर म्हणाली, "अगो, मी कापूस बघितला तो वातीपुरता. हे गाणं मी कधी गो म्हटलं?" मी म्हटलं, रेंज जातेय.

मावशी काही बदलली नाही. बदलली असती तर बरं झालं असतं. पोरांना तसंच जवळ घेते, गाणंही म्हणते. या हंगामात रोहिणखेडकडची एक नवी बाई ओळीत आली. तिने विचारलं, मावशी, हे गानं कोनाचं? मावशीने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या मायचं हाये." टोमणा नव्हता. माझं खोटं ती माझ्यासाठी सांभाळत होती. मी खाली वाकून वेचत राहिले. मयुरी बांधावर होती. तिने ऐकलं.

माफी मागत नाही. ती मागायची तर तिच्याकडे मागावी लागेल, तुमच्याकडे नाही. पण एक दिवस मी हे फेडणार आहे, तिच्या डोळ्यांदेखत, सगळ्या बायांसमोर, ओळीच्या मधोमध उभी राहून, मयुरीचा हात धरून — आणि या वेळी न दाबता. वाक्य पाठ करून ठेवलंय. लहानच आहे.

मावशी, आमच्या कोकणात पऱ्हाटी होत नाही.