रिकामी टाकी

बजाजनगरच्या शेअर रिक्षात एक साहेब भेटले होते बघा. मांडीवर गोणीएवढी बॅग अन् बोट कायम आभाळाकडं.

“मावशी, रॉकेटाला वजनापेक्षा जास्त जोर लागतो. जोरासाठी इंजिन मोठं केलं, की वजनही वाढतं! म्हणून रिकामी झालेली टाकी वाटेतच टाकून देतात.”

पुलाच्या चढावर रिक्षा अडली. माझ्या शेजारी बसलेल्या पोरीचा जीव खालीवर. उशीर झाला की कंपनीच्या गेटावरूनच परत पाठवतात. आम्ही दोघी उतरून ढकलू लागलो.

साहेब आतूनच म्हणाले, “जोर कमी पडतोय.”

“मग उतरा की!” रिक्षावाला ओरडला.

साहेब बॅग घेऊन कुरकुरत उतरले अन् रिक्षा सरसर चढली. वर जाऊन आम्ही बसलो. साहेब खालून रमतगमत येत होते, बोट वर करून. पोरीनं घड्याळ पाहिलं. रिक्षावाल्यानं माझ्याकडं.

“चल बाबा,” म्हटलं, “टाकी पडली.”