सात वाजताची घंटी

पूनम सागर वसाहतीत आमच्या बिल्डिंगखाली रोज सकाळी सातला एक सायकलवाला घंटी वाजवायचा, कारण सायकल ट्रॅकवर माझी गाडी उभी असायची. पन्नाशीतला सुतार. हँडलला हत्यारांची पिशवी, पँटला कपड्यांचा चिमटा. बाजूने निघून जाईल तर शपथ! एक पाय फुटपाथवर टेकवून पाच मिनिटं घंटी वाजवणार, कोणी आलंच नाही तर सायकल उचलून गाडीला वळसा घालणार.

एके दिवशी माझं डोकं फिरलं. बनियनवरच खाली धावलो.

"अहो काका, एवढा मोठा रस्ता पडलाय ना? जा की तिकडून!"

बोलण्यावरून तो किनाऱ्यावरच्या उत्तनकडचा असावा. शांतपणे म्हणाला, "रस्त्यानं गेलो का बसवाला बोंबलतो, ट्रॅकवर जा. बागेतून गेलो का वॉचमन हाकलतो, रस्त्यावर जा. हा ट्रॅक माझा हाय का न्हाय, तेवढं सांगा. न्हाय म्हणा, उद्यापासून घंटी बंद."

मी चरफडत गाडी काढली. तो मान हलवून निघाला आणि दहा हातांवर पुढच्या गाडीमागे थांबून पुन्हा घंटी वाजवू लागला. तो कोपऱ्यावर वळताच मी गाडी होती तिथेच लावली. दुसरीकडे जागा आहे कुठे?

आता रोज सातला घंटी वाजते. मी वैतागून खाली उतरतो, गाडी काढतो, तो जातो, मी गाडी परत लावतो. एका शब्दात हे सगळं थांबेल. पण तोंडावर 'नाही' म्हणायला अजून माझी जीभ रेटलेली नाही.