काकीची ओळख पटेना

आमच्या काकांना लोकशाहीचा पुळका आला तो निवडणूक हरल्यावर. हरला होता त्यांचा उमेदवार, पण काकांनी ते अंगाला लावून घेतलं. मुंबईला गेलेल्यांची, सासरी गेलेल्या पोरींची मतं समोरच्या पार्टीनं परस्पर टाकली, असं ते पेठच्या हायवेवरच्या हॉटेलात बसून सांगत. त्याच्या आधीच्या खेपेला हेच काम काकांनी केलं होतं आणि हॉटेलातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. पण चहा काका पाजत, म्हणून सगळे माना डोलवत.

नव्वदच्या दशकात फोटोची ओळखपत्रं आली आणि काकांना हत्यार सापडलं. "कार्ड न्हाई तर मत न्हाई. मग माझा बाप का असंना!" असं ते ठणकावून सांगत. त्यांचा बाप, म्हणजे माझे आजोबा, केव्हाच वारले होते, त्यामुळे हे बोलायला सोपं होतं. मतदार यादीत मात्र आजोबा होते.

पुढच्या मतदानाला शाळेच्या खोलीत काका पोलिंग एजंट म्हणून बसले. माझं ते पहिलंच मत. मी काकीच्या मागं रांगेत उभी होते. सकाळी काकी तिचं कार्ड शोधत होती, तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी बसलोय की तिथं. तुला कोन इचारतंय?"

आमच्या पुढं ठाकरवाडीच्या बायका होत्या. त्यांच्याकडं कार्डं नव्हती. काकांनी हरकत घेतली, केंद्राध्यक्षांनी मान हलवली आणि बायका परत फिरल्या. गावात कार्डांसाठी फोटोवाला आला त्या दिवशी या सगळ्या आमच्याच रानात कांदे काढत होत्या. घटकाभर सोडा म्हणाल्या होत्या. काकांनी सोडलं नव्हतं.

मग काकीचा नंबर आला.

"कार्ड?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"घरी हाय. हे म्हणले, नगं आनू."

समोरच्या पार्टीचे एजंट होते गावातले मारवाडी कापड दुकानदार. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, बोलणं आमच्यापेक्षा गावठी. ते गालात हसले. "आता बोला राव! का घरच्याला कायदा येगळा?"

काकांचा चेहरा लाल झाला. खोली बघत होती. "आमची हरकत हाय," ते म्हणाले.

"तुम्ही या बाईंना ओळखत नाही?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"वळखीचा प्रश्न न्हाई. नियमाचा हाय."

केंद्राध्यक्षांनी कपाळ पुसलं. "बाई, मालकांचं नाव सांगा."

लग्नापासून काकीनं काकांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

"उखाण्यात घ्या, काकी," दुकानदार म्हणाले.

"उखाना घरच्या मानसाचा घेत्यात," काकी म्हणाली. "हितं मला वळखनारं कुनीच न्हाई." मग ती केंद्राध्यक्षांकडं वळली. "सायेब, कार्डाबिगर दुसरं काय चालतं का न्हाई?"

केंद्राध्यक्षांनी नाइलाजानं परिपत्रक उघडलं. रेशनकार्ड चालत होतं.

"मंग मघाशी त्या बायांना का न्हाई सांगितलं?"

केंद्राध्यक्षांनी काकांकडं पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. सकाळपासून दोघं आमच्याच घरून आलेला चहा पीत होते.

काकी रांग सोडून तरातरा निघाली. मला वाटलं, ती घरी कार्ड आणायला चालली. पण ती आधी ठाकरवाडीच्या वाटेला लागली. मीही मागं गेले. वाटेत बायका भेटल्या. काकी एवढंच म्हणाली, "रेशनकार्ड घ्या आन् चला परत." येताना ती घरात शिरली आणि आपलं कार्ड घेऊन आली. त्यावरच्या फोटोत पदर नाकापर्यंत होता आणि उरलेला चेहरा काळा आला होता. तो कुणाच्याही काकीचा म्हणून खपला असता. केंद्राध्यक्षांनी तो लगेच मान्य केला.

मागून बायका रेशनकार्डं घेऊन एकेक करून आत आल्या. काकांनी हरकतीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात पहिली म्हणाली, "राम राम मालक." दुसरी म्हणाली, "राम राम मालक." रोज रानात राबणाऱ्या बायका चारचौघांत राम राम घालताहेत, आता ओळखत नाही म्हणायचं कसं? काका तोंड मिटून बसले. सगळ्यांची मतं झाली. माझंही झालं.

निकालात काकांचा उमेदवार निवडून आला. काका गुलालात न्हाले आणि कार्डांमुळंच बोगस मतदान थांबलं, असं हॉटेलात सांगू लागले. घरी मात्र रोज संध्याकाळी एकच चौकशी.

"आपल्यालाच दिलंस ना?"

"मत गुप्त असतंय," काकी भाकरी थापत म्हणायची.

पुढच्या निवडणुकीला काका एजंट म्हणून बसले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. ठाकरवाडीची मतं काकीच्या शब्दावर आहेत, असा हिशेब करून पार्टीनं तिलाच खुर्चीत बसवलं. ती येणाऱ्या प्रत्येकीला आधी म्हणायची, "बस गं, पानी पी." तेव्हाच्या केंद्राध्यक्षांनी तिला दुपारपर्यंत दोनदा समज दिली. मतदारांना पाणी पाजणं नियमात बसत नाही, म्हणाले.

काकीनं त्यांनाही तांब्या दिला.